एका दातावरून

शाहूपुरी, कोल्हापूर
३ ऑगस्ट २०२५

त्या सकाळी नळाला पाणी उशिरा आलं, त्यामुळे सगळंच पुढं सरकलं होतं. मी आधी तुझ्या आज्जीला कुशीवर वळवलं, खालची चादर काढली, तिचं तोंड पुसलं. मग तव्यावर तंबाखू भाजून मिसरी केली, कारण डबी रिकामी होती आणि मिसरी लावल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नाही. तवा घासून घेतला, ज्वारीचं पीठ मळलं. भाकऱ्या निम्म्या झाल्या असतील, तेवढ्यात कृष्णात जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन ओरडला, "काकी, पोस्टानं पुस्तक आलंय. वर कसल्या तरी दगडाचा फोटो हाय."

कृष्णात म्हणजे आपल्या गुळाच्या दुकानात ढेपा उचलायचा तोच. आता दिवाणजी झालाय, खिशाला पेन लावतो. मी त्याला वर बोलावलं. मी सकाळची खाली उतरत नाही हल्ली.

तो दगड नव्हता, दात होता. आत पान उघडलं तर खाली तुझं नाव, मधे अप्पांचं. रक्षिता अमरेश. मी उभ्या उभ्या वाचायला लागले आणि तव्यावरची भाकरी करपली. ती मी खाल्ली.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. अप्पा गेले त्या दिवसांत सगळ्या पावण्यांसमोर तू म्हणालीस, अव्वा इथं राहिली तर तिचा कैदी होईल. मी तुला गप्प बस म्हटलं. तू गेलीस, त्याला दोन वर्षं झाली. मधे फोन झाले, पण फोनवर आपलं बोलणं दुसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, आणि इथं मी कोपऱ्यात जाऊन बोलले तरी कुणी ना कुणी ऐकतं. कागदावर तू मला मधेच तोडू शकत नाहीस, म्हणून लिहिते.

तुझा लेख मी तीनदा वाचला. मला कळलं ते असं. कच्छच्या जमिनीवर पूर्वी समुद्र होता. त्यात माशासारख्या अंगाचे मोठे सरपटणारे प्राणी होते, मासे नव्हेत. ते काय खात होते हे आज सांगायला कुणी नाही, पोटातलं तर कधीच गेलं. राहिले दात. दाताचं टोक सुईसारखं शाबूत असेल तर खाणं मऊ होतं, मासळी वगैरे. टोक बोथट झालं असेल, टवके उडाले असतील, तर तो प्राणी कवचवाले जीव फोडून खात होता. आणि भिंगाखाली बघितलं तर बारीक ओरखडे आणि खड्डे दिसतात, त्यावरून आणखी बरंच कळतं. बरोबर ना? मी सातवीपर्यंत शिकलेली, चुकलं तर सांग.

एक शंका आहे. तुझ्या आज्जीचे दात मिसरीनं पार झिजलेत. उद्या कुणी ते जमिनीतून काढले तर म्हणेल, ही बाई जन्मभर फरशी खात होती. तिनं तर दूधभाताशिवाय फार काही चावलेलं नाही. मग तुमचं कसं?

इथं सगळे बरे आहेत. थोरल्या भीमाप्पा भावजींचं दुकान चांगलं चालतंय. जाऊबाई गौराक्काचे गुडघे दुखतात. मी बरी आहे.

तुझी अव्वा

शाहूपुरी
२७ ऑगस्ट २०२५

तुझं कार्ड मिळालं. कृष्णातनं ते वाटेतच वाचलं असणार, कारण हातात देतानाच म्हणाला, "ताई बरी हाय म्हणं."

म्हणजे मी तुला नवीन काहीच सांगितलं नाही. घासून झिजलेला दात कडेनं गुळगुळीत होतो, चावून झिजलेला टोकाला, आणि तुम्ही ते आधीच वेगळं करून बघता. बरं झालं. आईच्या सांगण्यावरून शोध बदलायला लागला असता तर मलाच काळजी वाटली असती.

तरी मी खात्री करून घेतली. परवा बॅटरी घेऊन आज्जीच्या तोंडात बघत होते. ती म्हणाली, "म्हशीगत दात काय बघतीस? बाजारात न्हेऊन इकणार हाईस का काय?"

म्हटलं, "कोण घेतंय तुमाला?"

"व्हय, भाकड हाय, पण खाती कमी. तेवढं सांग गिऱ्हाइकाला."

तिचे पुढचे दात बाहेरून घोटल्यासारखे झालेत, पण चावायची कड अजून खरबरीत आहे. तू लिहिलंस तसंच.

तुझ्या लेखातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ते अगदी बारीक ओरखडे असतात ना, भिंगातले, ते जन्मभराचे नसतात म्हणे. नवं खाल्लं की जुने पुसले जातात. त्यामुळे दातावर शेवटच्या थोड्या दिवसांचंच खाणं उरतं. शंभर वर्षं जगलेला असो, दात सांगणार फक्त शेवटचे घास.

अप्पा गेले त्या आठवड्यात नेसरीहून तुझ्या मामानं नाचणी पाठवली होती. घरच्या जात्यावर दळलेली, थोडी कच असलेली. त्यांना ती आवडायची, म्हणून मी रोज त्याच भाकऱ्या केल्या. सोमवारी दुकानातच छातीत कळ आली आणि गेले. आपल्यात माणसाला मातीत बसवतात. तर तिथं बसलेल्या अप्पांच्या दातांवर माझ्या नाचणीचे ओरखडे असतील. आणखी काही पुसून टाकायला आलेलं नाही. कुणी ते बघू नये असं मला वाटतं, पण ते आहेत एवढं कळलं. तुझ्या लेखानं दिलं म्हणून तुला सांगते.

तू विचारलंयस, मी कुठल्या बाजूनं खाते. हा काय प्रश्न झाला? दोन्ही बाजूंनी खाते. सगळ्यांची ताटं झाली की मी माझं वाढून घेते, भाकरी दुधात कुस्करते, तेवढंच लवकर आवरतं. त्यात बाजू कुठली आली?

खिडकीला भावजींनी नवी जाळी बसवून दिली. खालच्या गुळावर गांधीलमाशा येतात, त्या वर शिरायच्या. आता येत नाहीत. वारापण जरा कमी येतो. कृष्णात वाचनालयातून पुस्तकं बदलून आणतो, हाताला लागेल ते. मागच्या खेपेला मगरींवरचं आणलं, ह्या वेळी काजू लागवडीचं. दोन्ही वाचली.

अव्वा

शाहूपुरी
१७ सप्टेंबर २०२५

तुझं पत्र दोनदा वाचलं.

दिवाळीनंतर तू जर्मनीला चाललीस, तीन वर्षांसाठी. चांगलं झालं. अप्पांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला असता. आणि तू लिहितेस की ह्या घराचा जिना मी चढणार नाही, तू भुजला ये, जायच्या आधी आठ दिवस माझ्याजवळ राहा. दुधात भाकरी कुस्करून खाणाऱ्या बाईची दाढ दुखत असते हे मला कळत नाही असं समजू नकोस, असंही लिहिलंयस. तुझ्यापासून लपवणं अवघड झालंय. दाढेचा टवका उडालाय, खरं आहे. लवंग धरून ठेवते.

पण येणं जमणार नाही. तुझ्या आज्जीचं सगळं खाटेवरच करावं लागतं, ते मीच करते. गौराक्का जिना उतरतानाच भिंत धरते. स्वयंपाक माझ्याकडे आहे. मी आजवर एकटी गडहिंग्लजच्या पलीकडं गेलेली नाही.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण कारणांसाठी कारणं दिल्यासारखं वाटतंय, म्हणून आतलं एक सांगते. हे मी कुणाला बोललेले नाही.

तुला घर माहीतच आहे. रस्त्यावरून आत यायला दुकान, आणि दुकानाच्या पोटातून आपला जिना. दुसरी वाट नाही. अप्पा गेले त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. दूध आलं नव्हतं म्हणून मी पातेलं घेऊन खाली उतरले. भावजींनी नुकतीच गादीवर उदबत्ती लावली होती. बोहनी व्हायची होती. दारात एक गिऱ्हाईक आलं, कागलकडचा असावा, पटका बांधलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. कपाळाकडं बघितलं. आणि पाऊल आत न टाकता मागं फिरला.

भावजींनी पेनाला टोपण लावलं. मग रस्त्याकडं बघत बसले. मी दूध न आणताच वर आले.

तेव्हापासून बोहनी होईपर्यंत मी खाली उतरत नाही. गूळ काय रोज सकाळी खपत नाही. कधी नऊला पहिलं गिऱ्हाईक येतं, कधी मंदीत बारा वाजतात. मी वर बसून कान देते. तराजूचा आवाज आला की कळतं, आता मोकळी. पण तोवर आज्जीच्या जेवणाची वेळ झालेली असते, मग तिचं अंग पुसायचं, मग रात्रीचं. आणि दिवे लागताना पुन्हा नको. दिवसातला जो वेळ माझा आहे, त्या वेळात जायला कुठं उघडं नसतं. दाताचा डॉक्टर दोन गल्ल्या सोडून आहे, तो सकाळीच बसतो.

कुणी माझ्यावर ओरडत नाही. कुणी उपाशी ठेवत नाही. भावजी सणाला माझ्यासाठी स्वतः लुगडं निवडतात. म्हणून कैदी हा शब्द मला तेव्हा लागला. कैद्याला निदान कुणीतरी आत घातलेलं असतं. मला कुणी घातलंय ते मी कुणाकडं बोट करून दाखवू?

तू सुखानं जा. फोटो पाठव.

अव्वा

अहमदाबाद स्टेशन
११ ऑक्टोबर २०२५

भुजच्या गाडीला अजून वेळ आहे. पोचल्यावर आपण आधी भांडणार, म्हणून हे कागदावर लिहून ठेवते आणि तुझ्या हातातच देते.

मागच्या पत्रात तू रागानं बरंच लिहिलं होतंस, ते मी बाजूला ठेवलं. त्यात एकच ओळ कामाची होती: "अव्वा, एका दातावरून आम्ही कधी काही ठरवत नाही. तो दात आजारी जनावराचा असू शकतो, मेल्यावर वाळूत घासलेला असू शकतो. आणखी दात मिळव, मग बोल."

मला आधी राग आला. माझं आयुष्य काय तुझं कच्छ आहे? मग आज्जीचे पाय चेपता चेपता विचार केला. खरंच, तो पटकेवाला मागं का फिरला हे मला माहीत नाही. पिशवी विसरला असेल. मी नुसतं एकदा बघितलं आणि त्यावर दोन वर्षं रचली.

म्हणून मी आणखी दात शोधायला लागले. गुडघे दुखत असूनही गौराक्का दूध स्वतः वर आणून देते, म्हणते, "तू कशाला दगदग करतीस गं." गेल्या दिवाळीला दुकानातली पूजा झाली, मला प्रसादाला हाक मारली ती सगळं उरकल्यावर. आमच्या नेसरीच्या एका लग्नात भावजी म्हणाले, "रत्नव्वाला प्रवास सोसायचा न्हाय." मला प्रवास सोसत नाही हे मला तिथंच कळलं. दोन वर्षांत कुणी मला खाली जाऊन एखादी वस्तू आण म्हटलेलं नाही. प्रत्येक गोष्ट मायेनं केलेली. एकेक वेगळी धरून बघितली तर कशावर ओरखडा नाही.

तेव्हा मी ठरवलं, विचारायचं. आधी कृष्णातशी बोलले. त्याची बायको स्नेहल दोन्ही वेळा येऊन आज्जीचं करेल, स्वयंपाकपण बघेल म्हणाला. कृष्णातनं त्याच्या मोबाईलवर माझं तिकीट काढलं. पुण्याहून रात्रीची गाडी, तिथवर एसटी.

परवा जेवताना विषय काढला. भावजी पाटावर, गौराक्का खुर्चीवर, आज्जी पलीकडं खाटेवर, तिच्या खोलीचं दार उघडं.

म्हटलं, "भावजी, मी रक्षिताकडं जाऊन येणार हाय. भुजला. दिवाळी झाली की ती परदेशी चाललीया."

"मग जा की," भावजी म्हणाले. "लेक हाय तुझी. कोण अडवतंय?"

गौराक्काचा हात थांबला. "अगं, पण आत्तींचं कोण करणार? माझं गुडघं बघतीस नव्हं?"

"कृष्णातची बायको येणार हाय. ठरवलंय."

"ठरवलंयस?" गौराक्का म्हणाली. "आमाला न इचारता?"

आतून आज्जी ओरडली, "ती पोरगी मिसरी कच्ची भाजती. जायच्या आधी डबाभर करून ठेव, मग कुठं जायाचं तिकडं जा."

भावजी हसले. मला वाटलं, हीच वेळ. "भावजी, दोन वर्षं मी सकाळची खाली दुकानात उतरली न्हाय. तुमाला ठावं हाय?"

ते माझ्याकडं बघायला लागले. "मी कवा म्हटलं उतरू नगं?"

"कवाच न्हाय."

"मग? मला वाटलं तुझं तुलाच नगं वाटतंय, माणसांत यायला. मीच हिला म्हटलं, ऱ्हाऊ दे वर, दूध तूच दे न्हेऊन. अमऱ्या गेल्यापास्नं मन लागंना झालंय तिचं." अप्पांचं नाव घेताना त्यांचा आवाज खाली आला. धाकटा भाऊ होता त्यांचा. ते खोटं बोलत नव्हते.

रक्षिता, त्या घडीला मला काय झालं ते सांगता येत नाही. मी चुकीचं वाचलं होतं. दार उघडंच होतं आणि मी दोन वर्षं जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तराजूच्या आवाजाची वाट बघत होते. हसू येत होतं. मी त्यांना आणखी भाकरी वाढली.

"गाडी कवाची?" त्यांनी विचारलं.

"सकाळची आठची एसटी. तीच धरली म्हंजे पुण्यातली रातची गाडी चुकायची न्हाय. दुकान उघडलं की लगीच निघाय पायजे."

भावजींचा घास हातातच राहिला. ताटाकडं बघत ते म्हणाले, "बोहनी झाल्यावर जा की. मागनं दुसऱ्या गाड्या असत्यात."

गौराक्कानं आमटीचं भांडं उगाच इकडचं तिकडं केलं. आपण काय बोललो हे भावजींना कळलं असं मला वाटत नाही. दारात पोर अडखळलं की आपण जसं "हळू" म्हणतो, तसं त्यांच्या तोंडून आलं. त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि आवाजात तीच माया ठेवून म्हणाले, "पैशे हाईत का जवळ? लागतील तेवढं गल्ल्यातनं घे."

तुझ्या भाषेत सांगायचं तर सगळे दात एकाच जनावराचे निघाले. फक्त त्या जनावराला स्वतःला माहीत नव्हतं ते काय खातंय. मला भावजींचा राग आला नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं. मला वाटलं, आता आपण परत वर जाऊन बसलो तर ह्या खेपेला आपल्याला माहीत असेल.

मी "बघू" म्हटलं आणि ताटं उचलली. आज्जीची मिसरी भाजली, डबा भरला, तिच्या उशाशी ठेवला. तिनं झाकण काढून वास घेतला, म्हणाली, "ही बरी झालीया. आता तुझ्या पोरीला सांग, म्हातारी मेली तर माझं दात न्हेऊ नगंस म्हणावं." मी सांगते म्हटलं. सांगितलं.

दाढ ठणकत होती. पिशवी भरली. दोन लुगडी, नाचणीचं पीठ, तुझं मासिक. गौराक्का येऊन दाराशी उभी राहिली. म्हणाली, "साडेनवाची पण गाडी हाय, अगं. कशाला वादावादी करतीस?" मी म्हटलं, "मी वाद कुठं घातला?" ती म्हणाली, "न्हाय घातलास. तेच म्हणती मी." मग तिनं तिचा चांगला स्वेटर माझ्या पिशवीत खुपसला आणि भिंत धरून तिच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेल्याचा आवाज आला, तशी मी पिशवी घेऊन दुकानात उतरले. भावजी गादीवर उदबत्ती लावत होते. मी त्यांच्यासमोरून उंबऱ्याबाहेर गेले, वळले, गिऱ्हाइकाच्या जागी उभी राहिले, एक किलो गूळ मागितला आणि पैसे पुढं केले. त्यांनी घेतले, हाताच्या सवयीनं कपाळाला लावले, आणि गूळ तोलून दिला. मी स्टँडवर गेले आणि आठची गाडी धरली.